डेकवरच्या फिटिंगला ट्यूब की टेप?

फायबरच्या होडीवर क्लीट (दोर बांधायची खुंटी), हॅच (डेकवरचं झाकण), रॉड होल्डर (गळाची काठी धरणारा) नव्याने बसवायचे असतील तर निवड शेवटी दोन गोष्टींवर येते: पाणी अडवायला पॉलियुरेथेन सीलंटची ट्यूब की ब्यूटिल या चिकट रबराच्या टेपचं रीळ. सिलिकॉन मी धरतच नाही. ते कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळतं, पण काढल्यावरही त्याचा न दिसणारा थर मागे राहतो आणि त्यावर ना रंग धरत, ना जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर), ना दुसरं सीलंट.

पाण्याखालच्या भागाचं लवकर आटपतो. थ्रू-हल (होडीच्या तळातून आरपार जाणारी नळी) आणि सी-कॉकला (तिच्यावरचा कॉक) पॉलियुरेथेनच लावा, ब्यूटिल तिथे चालत नाही. पॉलिसल्फाइड हे सीलंटही उत्तम, लाकडाच्या सांध्यांत तर मला तेच जास्त आवडतं. फक्त फिशफाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे त्याचा पाण्यातला सेन्सर, प्लास्टिकचा असेल तर सांभाळा, कारण एबीएस, अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकना पॉलिसल्फाइड खातं. पॉलियुरेथेनमध्ये थ्रीएम कंपनीचं ५२०० हे कायमच्या जोडणीसाठी आहे. पुढेमागे काढावी लागेल अशा वस्तूला ४२०० पुरे.

डेकवर मात्र माझं मत वेगळं आहे. पॉलियुरेथेनची पकड जबरदस्त, त्यात वाद नाही. पण बोल्टने आवळलेल्या क्लीटला चिकटपणा हवाच कशाला? भार बोल्ट आणि खालची बॅकिंग प्लेट घेतात, सीलंटने फक्त पाणी अडवायचं. उद्या तेच क्लीट काढायची वेळ आली तर सोबत जेलकोटचा पापुद्रा निघतो.

तरीही माझा निर्णय झाला तो उघडलेल्या ट्यूबमुळे. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यावर सुकतं. आपल्याकडे होडी वर ओढून कामाला वेळ मिळतो तो नेमका पावसात, आणि तेव्हा कोकणात ओलाव्याला तोटा नसतो. एका दिव्याच्या पायाला बोटभर माल लागतो. नोझलला स्क्रू लावा, टेप गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. पुढच्या वेळी गन दाबली की काही येत नाही. नोझल कापलं तर आत रबराचा गोळा. चांगली मरीन ट्यूब गावात मिळत नाही, मुंबईहून मागवावी लागते, आणि तिचा मोठा भाग असा फुकट जातो. याचा मला खरोखर त्रास व्हायचा. ब्यूटिलचं रीळ खणात वर्षानुवर्षं पडून राहतं. लागेल तेवढं कापा, बाकीचं परत ठेवा.

ब्यूटिलला वेळ द्यावा लागतो, हे मान्य. डेकच्या भोकाला वरून काउंटरसिंकने (भोकाचं तोंड रुंद करणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) थोडा उतार द्या. टेपची बारीक वात बोल्टच्या डोक्याखाली गुंडाळा, म्हणजे ती त्या खळग्यात दाबली जाऊन बोल्टभोवती कॉलर बसते. आवळताना बोल्ट फिरवू नका, एकाने वरून धरायचा आणि दुसऱ्याने खालून नट फिरवायचा. एकदम आवळायचंही नाही. आज थोडं, उद्या थोडं, उन्हाने टेप मऊ झाली की पुन्हा थोडं. कडेने बाहेर आलेली राखाडी पट्टी प्लास्टिकच्या पात्याने उचलून टाका. डेकमध्ये प्लायवूड किंवा बाल्साचं हलकं लाकूड असेल तर आधी भोकाच्या कडा इपॉक्सीने बंद करा, नाहीतर कुठलंही सीलंट लावलं तरी एक ना एक दिवस आत पाणी मुरून लाकूड कुजणार.

घेताना शुद्ध ब्यूटिल बघून घ्या. छपराच्या गळतीसाठी मिळणारी, चांदीसारखा कागद लावलेली डांबरी पट्टी वेगळी, तिचे काळे डाग जेलकोटवरून निघत नाहीत.

तुमच्याकडे एका बैठकीत पंधरा-वीस फिटिंग्ज बसवायची असतील, हाताशी माणसं असतील, तर ट्यूब घेण्यात चूक नाही. ती पूर्ण संपेल. एकेक वस्तू सवडीने करणाऱ्याने मात्र रीळच घ्यावं, असं मला वाटतं. अपवाद एकच: पेट्रोल भरायच्या तोंडाशी ब्यूटिल नको, इंधनाने ते विरघळतं. तिथे पॉलिसल्फाइड लावा, आणि ती ट्यूब उघडण्याआधी उरलेला माल त्याच दिवशी कुठे लावायचा ते ठरवून ठेवा.