हायड्रोजन सायनामाइड: डोळे फोडतं, घड देत नाही

द्राक्षबागेत फळछाटणीनंतर (घड धरण्यासाठीची छाटणी) पेस्टिंगला, म्हणजे काडीच्या डोळ्यांना (कळ्यांना) पुसून लावायला, वापरायचं हे 50 टक्के तीव्रतेचं द्रावण. बरेच बागायतदार त्याला सरसकट 'डॉरमेक्स'च म्हणतात. एकसारख्या फुटीसाठी याच्या तोडीचं दुसरं औषध नाही. नाशिक-सांगलीकडे वेलीला पुरती विश्रांती मिळेल इतकी थंडी पडत नाही, त्यामुळे छाटलेल्या काडीचा शेंड्याचा डोळा पुढे पळतो आणि खालचे मागे राहतात. मग एकाच वेलीवर एक घड फुलोऱ्यात, दुसरा पोंग्यात (कोवळ्या कोंबाच्या अवस्थेत)! जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संप्रेरक) डिपिंगची, म्हणजे त्यात घड बुडवण्याची, तारीख धरायची कुठल्या घडावर?

मात्रा काडी बघूनच ठरवा. 6 ते 8 मिमी जाडीला लिटरमागे 30 मिली, 8 ते 10 मिमीला 40, त्याहून जाड काडीला 50. ऊन कडक असेल तर हात आखडता घ्या. बारीक काडीवर 50 मिली लावलं की डोळे करपतात, आणि दोष मात्र औषधाच्या माथी जातो. छाटणीनंतर 24 ते 48 तासांत पेस्टिंग उरका. डोळा कापसल्यावर (फुगून कापसासारखा दिसू लागल्यावर) लावलं तर कोवळा कोंब जळतो. जिथून फूट हवी तेवढेच डोळे पुसा. सगळी काडी माखली की फेलफूट (नको असलेली फूट) काढण्याची मजुरी वाढते. पाण्यात लाल रंग मिसळला की सुटलेली काडी लगेच दिसते. लावल्यावर लगेच पाऊस आला तर मेहनत वाया गेलीच म्हणून समजा.

यातून घड वाढतील ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. सूक्ष्मघड, म्हणजे डोळ्यात आधीच तयार होणारा घडाचा अंकुर, उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत ठरतो. त्या काळात ढगाळ हवा आणि गर्द कॅनॉपी (पानांचा पसारा) राहिली असेल, तर ऑक्टोबरात फूट सुरेख निघेल, पण घडाच्या जागी बाळी (वेलीचा तणावा) दिसेल.

मोठी उणीव म्हणजे याचा विषारीपणा. कातडी भाजते, डोळ्यांना इजा होते. रबरी हातमोजे आणि चष्म्याशिवाय मजुराच्या हाती बादली देऊच नका, आणि बादलीही प्लॅस्टिकचीच घ्या. मद्य आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर पूर्ण बंद. सायनामाइडमुळे मद्यापासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन शरीरात साचतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो. कामाला माणसं लावण्याआधी हे प्रत्येकाला स्पष्ट सांगा. उरलेला कॅन उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. उष्णतेनं द्रावणाचं विघटन होतं आणि पुढच्या हंगामात ते कामाचं राहत नाही.