आठ नंबरची ट्रॉपिकल फ्लाय लाईन: गरम, खाऱ्या पाण्यात दोघांच्या सहलीसाठी कशी आहे?

दोन मित्रांनी उथळ, गरम समुद्रात फ्लाय फिशिंगला (म्हणजे ‘फ्लाय’ हे हलकं नकली आमिष जड लाईनच्या वजनाने फेकून मासे धरायला) जायचं ठरवलं की आधी चर्चा होते ती रॉडची. लाईन शेवटी घाईत घेतली जाते. बोनफिश या उथळ समुद्रातल्या माशाच्या पाण्यात हे अगदी उलटं व्हायला हवं. मधल्या दर्जाचा ९ फुटी, ८ नंबरचा रॉड (नंबर म्हणजे लाईनच्या वजनाचा वर्ग) तिथे व्यवस्थित पुरतो. पण लाईन चुकीची असेल तर कितीही भारी रॉड ती सावरून घेत नाही. म्हणून इथे विचार केलाय तो तरंगणाऱ्या, ट्रॉपिकल प्रकारच्या ८ नंबरच्या लाईनचा. रिओ, सायंटिफिक अँग्लर्स अशा कंपन्यांकडे ती ‘बोनफिश’ या नावाने मिळते.

फ्लाय लाईनला आत गाभा असतो आणि वर प्लॅस्टिकचं आवरण. थंड पाण्याच्या लाईनचा गाभा मऊ विणीचा आणि आवरण नरम ठेवतात, नाहीतर ती थंडीत वेटोळी धरून बसेल. तीच लाईन भर दुपारी तापलेल्या बोटीवर काढली की ओल्या सुतळीसारखी लुळी पडते. दोन गाइडच्या (रॉडवरच्या, लाईन ओवायच्या कड्यांच्या) मधे तिचा झोळ पडतो, ती रॉडला चिकटते, आणि फेकताना पायाशी पडलेली वेटोळी एकमेकांत गुंतून पहिल्या गाइडशी गाठ होऊन अडकतात. ट्रॉपिकल लाईनचा गाभा तंगुसाचा, एकेरी किंवा विणलेला असतो आणि आवरण कडक. उन्हात ती ताठ राहते आणि गाइडमधून सरसर निघते. उथळ पाण्यात मासा दिसल्यापासून फ्लाय त्याच्यापुढे पडेपर्यंत जेमतेम काही सेकंद मिळतात, त्यामुळे हा एक गुण मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

खरेदी करताना डब्यावरच्या नंबरावर विसंबू नका, ग्रेन (वजनाचं बारीक माप) बघा. प्रमाणानुसार ८ नंबरच्या लाईनचे पुढचे ३० फूट २१० ग्रेन भरायला हवेत, ९ नंबरचे २४० आणि १० नंबरचे २८०. बऱ्याच लाईन मुद्दाम अर्धा ते एक नंबर जड बनवतात, म्हणजे ताठ रॉड लवकर वाकतो. जवळच्या, घाईच्या फेकीला ते सोयीचं असतं. पण वारा पडलेला असेल आणि पाणी घोट्याएवढं असेल तर जड लाईन धप्पकन पडते आणि सगळा थवा उधळतो. तिथे ४० फुटांच्या पुढे जाणारा, हळूहळू निमुळता होत गेलेला हेड (लाईनचा पुढचा जाड, जड भाग) हवा. आखूड, पुढे जड हेडची लाईन वाऱ्यात आणि नवख्या हातात चांगली चालते. दोघांपैकी एक नवखा असेल तर त्याच्या रॉडवर आखूड हेड आणि दुसऱ्याच्या रॉडवर लांब हेड, ही वाटणी मला सगळ्यात पटते. दोघांनी एकसारख्या लाईन घेण्यात काहीच फायदा नाही.

आता तिची खोड. रिळावर रात्रभर राहिली की ही लाईन वेटोळ्यांचा आकार धरते, सकाळच्या गारव्यात तर जास्तच. उपाय सोपा आहे आणि दोघं असले की पटकन होतो. एकाने टोक धरावं, दुसऱ्याने २० ते २५ मीटर लाईन सोडत मागे जावं, मग दोघांनी सावकाश ताण देऊन दहाएक सेकंद तशीच धरावी. झटका द्यायचा नाही. झटक्याने आवरणाला भेगा पडतात. एकदा ताणलेली लाईन ऊन चढेपर्यंत सरळ राहते. हे न करता फेकायला सुरुवात केली तर पहिला मासा हमखास गुंत्यात जातो.

पृष्ठभाग गुळगुळीत घ्यायचा की खरखरीत? खरखरीत लाईन जास्त तरंगते आणि गाइडला कमी चिकटते, पण फेकताना आवाज करते आणि दिवसभर खारट ओल्या बोटांवरून ओढली की कातडी सोलते. बोटांवर पातळ कापडी टोपणं घालायची तयारी असेल तरच ती घ्यावी. माझा कौल गुळगुळीत लाईनला.

पुढच्या टोकाला कारखान्यातून जोडलेला लूप असतो. तो जिथे लाईनला मिळतो तिथलं आवरण सगळ्यात आधी तडकतं, कारण प्रत्येक फेकीत वाकणारी जागा तीच. रोज सकाळी नखाने चाचपून बघा. भेग लागली तर लूप कापून टाका आणि जाड तंगूस नेल नॉट नावाच्या गाठीने बांधा. मागच्या टोकाला बॅकिंगचा (लाईनच्या मागे रिळावर गुंडाळलेल्या जादा दोऱ्याचा) लूप इतका मोठा ठेवा की गुंडाळलेली लाईन अख्खी त्यातून पार होईल. मग बोटीवरही लाईन बदलता येते. ८ नंबरच्या रिळाला २० पौंडी डेक्रॉनचं २०० यार्ड बॅकिंग पुरेसं आहे. जेलस्पनचं बॅकिंग बारीक असल्याने जास्त मावतं, पण सैल गुंडाळलं तर मासा धावताना वरचा थर खालच्या थरात रुततो आणि टिपेट (फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक धागा) तुटतं.

लीडर, म्हणजे लाईन आणि फ्लायच्या मधला निमुळता धागा, ९ ते १२ फुटांचा. घरी बांधायचा तर ४० पौंडी ५ फूट, ३० पौंडी २ फूट, २० पौंडी १ फूट आणि शेवटी १२ पौंडी फ्लुओरोकार्बन २ फूट. फ्लुओरोकार्बन प्रवाळावर घासलं तरी नायलॉनपेक्षा जास्त टिकतं आणि बुडतंही लवकर. गाठ आवळण्याआधी ओली करा, कोरडी आवळली तर तिथेच कमजोर होते. १२ पौंडी टिपेटला रिळाचा ड्रॅग (सुटणाऱ्या लाईनला अडवणारा ब्रेक) सुरुवातीला २ ते ३ पौंडांवर ठेवा. फ्लाय निवडताना रंगापेक्षा वजन महत्त्वाचं: घोट्याएवढ्या पाण्यात मण्यांच्या साखळीचे हलके डोळे असलेली क्रेझी चार्ली, कमरेएवढ्या पाण्यात जड डोळ्यांचा क्लाऊझर.

लाईन कितीही चांगली असली तरी मासे सुटतात ते बहुतेक दोन कारणांनी. पहिलं, मासा लागला की रॉड वर उचलायची गोड्या पाण्यातली सवय. त्याने फ्लाय माशाच्या तोंडापुढून निघून जाते. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाईन लांब ओढायची, वजन लागेपर्यंत. या लाईनचा गाभा एकेरी तंगुसाचा असेल तर ती थोडी ताणली जाते, म्हणून ओढ जरा जास्तच लांब हवी. दुसरं कारण म्हणजे पायाखाली आलेली लाईन. इथे मित्राचा खरा उपयोग. एक जण पुढच्या फळीवर अनवाणी उभा, म्हणजे लाईनवर पाय पडला तर तळव्याला कळतं. दुसऱ्याने रॉड खाली ठेवून फक्त वेटोळ्यांवर नजर ठेवायची, ती क्लीट (बोटीवरची दोर बांधायची खुंटी) किंवा चपलेत अडकू द्यायची नाहीत. फेकीपुरती लाईन आधी बाहेर काढून, एकदा फेकून, परत ओढून ठेवायची, म्हणजे वेटोळी योग्य क्रमाने सुटतात. नुसती रिळावरून खाली सोडलेली लाईन उलट्या क्रमाने पडते आणि गुंतते.

सनस्क्रीन आणि डासांचं औषध लावल्यावर तळहात वाळू-पाण्याने घासून धुवा. डासांच्या औषधातलं डीट आवरण विरघळवतं. चिकट झालेली लाईन पुन्हा सुधारत नाही.

रोज संध्याकाळी लाईन गोड्या पाण्यात भिजवून मऊ कापडातून ओढून घ्यावी. दोन-तीन दिवसांनी साबणाचा एखादा थेंब चालेल, भांड्यांचं कडक द्रावण नको. रिळ धुताना ड्रॅग आवळून मंद धारेने धुवा, जोराची धार मीठ आत ढकलते. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा. सहल संपल्यावर बॅकिंगसुद्धा काढून धुवायला हवं. तिथे अडकलेलं मीठ स्पूलचा रंग खाऊन टाकतं.

थंड पाण्यात मासे धरणाऱ्यांनी हीच लाईन तिकडेही चालवू म्हणून घेऊ नये. गारठ्यात ती सरळच होत नाही. पर्मिट या माशासाठी ९ किंवा १० नंबर आणि जायंट ट्रेव्हली या मोठ्या माशासाठी १२ नंबर लागतो, तिथे ८ नंबरने माशाचा दम उगाच जास्त काढला जातो आणि सोडल्यावर तो शार्कच्या तावडीत सापडतो. बोनफिशसाठी मात्र बिनधास्त घ्या. पुढच्या १० मीटरमध्ये बारीक भेगा दिसू लागल्या आणि धुऊनही टोक बुडायला लागलं की ती बदला. ही लाईन पुढे जड असल्याने उलटी करून वापरता येत नाही.