मी वाकलो की मशीनपण वाकतंय

व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट घातला की दिसणारं आभासी जग) वापरून कारखान्यातल्या कामगारांना प्रशिक्षण देणारा स्टार्टअप आम्ही दोघांनी काढला, तेव्हा आम्हाला शॉप फ्लोअर कळत होता, कोडिंग नाही. म्हणून अ‍ॅपचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं. तिथेच गंडलो.

डेमो झकास होता. हायड्रॉलिक प्रेसभोवती फिरलो, खाली वाकून व्हॉल्व्ह बघितला, हात घातला तर चाक फिरलं. ७० टक्के रक्कम आगाऊ देऊन मोकळे झालो. करारात नुसतं 'व्हीआर अ‍ॅप व हेडसेट'. कुठला हेडसेट, हे विचारायचं सुचलंच नाही.

आले ते ऑक्युलस गो. २०१८ सालच्या या मॉडेलला डोकं कुठे वळलं तेवढंच कळतं. माणूस पुढे सरकला किंवा वाकला, ते नाही. डेमो होता २०१९ च्या क्वेस्ट या दुसऱ्या हेडसेटवर, त्याला भोवतालचा अंदाज घ्यायला चार कॅमेरे असतात. बसून ३६० अंशांचा व्हिडिओ बघायला गो ठीक, पण आमच्या कामाचा नाही. पहिल्याच चाचणीत एक ऑपरेटर गुडघ्यावर बसले, उठले, परत बसले आणि म्हणाले, "साहेब, मी वाकलो की मशीनपण वाकतंय."

खरी लबाडी मात्र पुढे दिसली. लॉकआउट-टॅगआउटमध्ये, म्हणजे दुरुस्तीआधी मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून करायच्या कामात, मेन स्विच बंद करायचा, कुलूप, टॅग, साठलेला दाब सोडायचा, मग बटण दाबून मशीन खरंच मेलंय का बघायचं. मी मुद्दाम दाब न सोडता पुढे गेलो. समोर अक्षरं आली: 'शाब्बास! १०० गुण.' काहीही दाबा, निकाल तोच. हे शिकून कोणी खऱ्या प्रेसमध्ये हात घातला असता तर? मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुरुस्त करू म्हटलं तर हातात फक्त एपीके फाइल, म्हणजे तयार होऊन आलेलं अ‍ॅप. अ‍ॅप ज्यात बनवलं त्या युनिटी सॉफ्टवेअरमधला मूळ प्रोजेक्ट मागितला, तर उत्तर आलं, "तो आमच्या मालकीचा, करार वाचा." वाचला. खरंच तसं होतं. दुसऱ्या डेव्हलपरला दाखवलं. एपीकेतून मूळ प्रोजेक्ट जसाच्या तसा निघत नाही म्हणाला. वर आमच्यासाठी 'खास बनवलेली' प्रेस त्याने अ‍ॅसेट स्टोअरवर, म्हणजे तयार थ्रीडी मॉडेल मिळतात त्या ऑनलाइन दुकानात, शोधून दाखवली, रंगासकट.

आता हेडसेटचं मॉडेल करारात नावानिशी असतं आणि मूळ प्रोजेक्ट हातात पडल्याशिवाय एकही हप्ता सुटत नाही. डेमोला आम्ही हेडसेट घालतच नाही, तेच ऑपरेटर घालतात. आधी गुडघ्यावर बसतात, मग सगळं मुद्दाम चुकीचं करतात.