सर्किट चेक: २८ तासांनंतर कळलं, उजवा पाय माझा एकटीचा नव्हता

फ्लाइंग स्कूल बदललं की नव्या ठिकाणी आधी एक चेक घेतात. टेकऑफ, सर्किट (धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी), लँडिंग. सोलोला (एकट्याने उडवायला) सोडायचं की अजून ड्यूअल (शेजारी इन्स्ट्रक्टर बसवून) करायचं, हे त्यावर ठरतं. मी एप्रिलमध्ये विदर्भातल्या एका स्कूलमध्ये हा चेक दिला. तक्रारीही लिहायच्या आहेत म्हणून नाव देत नाही. पण चेक कसा घेतला ते सविस्तर लिहिते, कारण इथे तासाला पंधरा हजारांवर पैसे जातात आणि माझ्यासारखे कितीतरी जण कर्ज काढून शिकतायत.

माझ्या लॉगबुकात तेव्हा २८ तास होते, सगळे ड्यूअल. आधीच्या ठिकाणी शेवटच्या बऱ्याच लँडिंगना 'छान' म्हटलं गेलं होतं. त्यामुळे चेक म्हणजे एक सही, तेवढी झाली की सोलो, अशा समजुतीत मी गेले.

चेक घेणाऱ्या सरांनी विमानाकडे जायच्या आधीच विचारलं, "आज टेकऑफ रोल किती लागेल?" रोल म्हणजे चाकं सुटेपर्यंतची धाव. आमच्या सेस्ना १७२एस विमानाचा आकडा मला पाठ होता, ९६० फूट. "तो समुद्रसपाटीचा, पंधरा अंशांचा. बाहेर किती आहे?" बाहेर ३८. आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर, म्हणजे तिथलं प्रमाण तापमान १३ अंश. वर २५ अंश जास्त, प्रत्येक अंशाला १२० फूट धरले तर तीन हजार फूट वाढले. गरम हवा विरळ, म्हणजे इंजिनाला आणि पंखांना मिळणारी हवा चार हजार फुटांवरची. त्यांनी मला मॅन्युअलचा तक्ता उघडून रोल काढायला लावला. वीस मिनिटं गेली त्यात. विदर्भाच्या उन्हात शिकतेय आणि हे गणित मला याआधी कुणी करायलाच लावलं नव्हतं!

मग टेकऑफ. वारा डावीकडून, सात-आठ नॉट. पूर्ण थ्रॉटल दिला आणि नाक डावीकडे जायला लागलं. मी थोडा उजवा रडर (पायाच्या पेडलने नाक वळवतात तो) दिला, नेहमी देते तेवढाच. पुरला नाही. पांढरी मधली रेघ सरकत सरकत उजव्या चाकाकडे गेली. मी घाबरून शेजारी पाहिलं. सरांचे हात मांडीवर होते आणि दोन्ही पाय मागे घेतलेले, बूट फरशीवर सपाट.

तिथे मला कळलं. नाक डावीकडे ओढलं जातं हे पुस्तकात वाचलेलं होतं: पुढचा पंखा (प्रोपेलर) आतून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, पूर्ण ताकदीवर आणि कमी वेगाला ओढ सगळ्यात जास्त, त्यात वारा डावीकडून असेल तर तोही नाक डावीकडेच वळवतो. पण २८ तासांत ती ओढ माझ्या पायाला पूर्ण जाणवलीच नव्हती. शेजारचे पाय रडरवर असायचे. पेडल जोडलेली असतात, दुसरा कुणी दाबत असला तर आपल्याला वाटतं आपणच दाबतोय. दाबून कशीबशी रेघ परत मध्ये आणली, ५५ नॉटला नाक उचललं.

पहिल्या फेरीचं लँडिंग मऊ झालं, चाकं लागल्याचं जेमतेम कळलं. सरांनी विचारलं, "कुठे टेकलं?" मी म्हटलं, "छान टेकलं, सर." "कसं नाही विचारलं. कुठे?" मला सांगता येईना. फायनलवर (धावपट्टीकडे सरळ उतरताना) ६५ ऐवजी ७५ नॉट होते, विमान धावपट्टीवर तरंगत तरंगत खूप पुढे जाऊन टेकलं होतं. मऊपणाचे गुण त्यांनी दिले नाहीत आणि मला ते पटलं. आखूड धावपट्टीवर ते मऊ लँडिंग कुंपणात गेलं असतं.

दुसऱ्या फेरीत डाऊनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) वाऱ्याने मला धावपट्टीकडे ढकललं. ते लक्षात आलं नाही. बेसवर (फायनलआधीच्या आडव्या बाजूवर) तोच वारा पाठीमागून, त्यामुळे फायनलची रेघ (धावपट्टीच्या सरळ रेषेतली) बघता बघता ओलांडली. कमी उंचीवर, कमी वेगाला वळण आवळून परत रेघेवर यायचा मोह होतो, आणि स्टॉल होऊन (पंखांची उचल तुटून) गिरकी बसते ती नेमकी तिथेच. मी पंख सरळ केले, थ्रॉटल पूर्ण दिला, रेडिओवर गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर) सांगितलं. सर काही बोलले नाहीत, गुडघ्यावरच्या पॅडवर काहीतरी लिहिलं. आणखी दोन फेऱ्या झाल्या, एक फ्लॅपशिवाय (पंखांमागच्या, उतरताना खाली सोडायच्या पट्ट्या न वापरता).

पैसे वसूल झाले ते खाली, डेब्रीफिंगमध्ये (उड्डाणानंतरच्या चर्चेत). पन्नास मिनिटं. पॅडवर चारही फेऱ्यांचे आकडे होते: धावपट्टीच्या टोकासमोर उंची किती, बेसला वळताना किती, फायनलवर वेग किती. हजार फुटांच्या सर्किटमध्ये मी एकदा ८८० वर, एकदा ११२० वर. उंची अशी वरखाली असेल तर प्रत्येक फायनल वेगळा येतो आणि मग फ्लेअरला (टेकायच्या आधी नाक उचलताना) कितीही हात सावरला तरी उपयोग नाही, हे त्यांनी फळ्यावर चौकोन काढून दाखवलं. गो-अराउंडला मात्र सगळ्यात चांगला शेरा होता. निकाल: सोलो नाही, चार तास ड्यूअल, त्यातले पहिले दोन फक्त रडर आणि सर्किटची उंची.

घरी येऊन रडले. चार तास म्हणजे साठ हजारांच्या वर. बाबा एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला मास्तरच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. त्याचे पाय कुठे आहेत ते पोराने बघायला पाहिजे, आणि मास्तरने सांगायला पाहिजे." आधीच्या इन्स्ट्रक्टरांवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी. मदत करावीच लागते, पण "आत्ता मी दाबलं" एवढं सांगायला काय लागतं?

आता नव्या स्कूलच्या तक्रारी. सात वाजताचा स्लॉट होता, विमान मिळालं साडेदहाला. सकाळी सातची थंड, स्थिर हवा आणि साडेदहाची उन्हाने उकळणारी हवा, यात चेक देणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. थांबायच्या खोलीत पंखा बंद, पाणी आपलं आपण न्यायचं. बिल इंजिन सुरू झाल्यापासून लावतात, त्यामुळे टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर) ताटकळलेली बारा मिनिटंही माझ्याच खात्यात. सगळ्यात खटकलं ते हे की फाइलला लागणाऱ्या फॉर्मवर फक्त 'समाधानकारक' आणि 'असमाधानकारक' असे दोन रकाने आहेत. सरांनी टिपलेले आकडे त्यात कुठेच जात नाहीत. पुढच्या इन्स्ट्रक्टरला माझा उजवा पाय कच्चा आहे हे कळणार कसं?

तरीही चेक द्यायचा तर यांच्याकडेच द्या, आणि याच सरांकडे मागून घ्या. डेब्रीफिंगचे वेगळे पैसे घेत नाहीत. आदल्या दिवशी फोन करून पहिल्या स्लॉटचं विमान नक्की करा, तक्ता आधी काढून न्या. निघताना त्या पॅडच्या कागदाचा फोटो घ्या, सर नाही म्हणत नाहीत. माझा फोटो मी छापून लॉगबुकात चिकटवलाय, आणि ड्यूअलला बसताना नव्या इन्स्ट्रक्टरना आधी तो दाखवते, मग त्यांचे पाय बघते.