बिलात ‘हॅल्डेक्स सर्व्हिस’, गाडीखाली बोल्टही सोडलेला नाही

ऑल व्हील ड्राइव्हची वेगवान गाडी ज्यांच्याकडे आहे, किंवा सेकंडहँड घ्यायचा विचार ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. साताऱ्यात आता अशा गाड्या बऱ्याच दिसतात. पुण्या-मुंबईत काही वर्षं फिरलेल्या गाड्या निम्म्याहून कमी भावात इकडे येतात. इंजिनाचं काम करणारे चांगले मिस्त्री इथे आहेत, पण मागच्या चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा उघडून पाहिलेले फार थोडे. त्यामुळे ‘आम्ही त्यातले स्पेशालिस्ट’ असं कुणी सांगितलं की माणूस निर्धास्त होतो. मला ज्यांनी फसवलं त्यांनी कुठलाही खोटा पार्ट बसवला नाही. त्यांनी काहीच केलं नाही, आणि केल्याचे पैसे घेतले.

माझी गाडी ऑडी टीटी, तिसऱ्या पिढीची, म्हणजे भारतात 2015 साली आली ती. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 अश्वशक्ती, 370 न्यूटन मीटर टॉर्क. मागे ‘क्वाट्रो’ लिहिलेलं असतं, म्हणजे ऑडीचं ऑल व्हील ड्राइव्ह. आता या एका नावाखाली दोन निरनिराळ्या यंत्रणा आहेत, आणि फसवणुकीची सुरुवात तिथूनच होते. उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं इंजिन असलेल्या ऑडींमध्ये पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटायला बरीच वर्षं टोर्सन नावाचं यांत्रिक डिफरन्शियल (ताकद वाटून देणारा गिअरचा संच) असायचं. त्यात ना पंप, ना क्लच. टीटीसारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत मात्र पुढची चाकं कायम चालतात आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा असतात. छोटा विजेवरचा पंप तेलाचा दाब देतो, प्लेटा आवळल्या जातात आणि मागची चाकं ओढू लागतात. हीच हॅल्डेक्स. मूळची स्वीडनची, 2011 मध्ये अमेरिकेच्या बोर्गवॉर्नरने घेतली. फोक्सवॅगनची टिग्वान फोरमोशन, स्कोडाची कोडियाक फोर बाय फोर यांच्यातही हीच पद्धत. तेव्हा ‘माझी काही स्पोर्ट्स कार नाही’ म्हणून कुणी हे सोडून देऊ नये.

या यंत्रणेच्या पाचव्या पिढीत, म्हणजे माझ्या गाडीत आहे त्यात, बदलायचा फिल्टर नसतो. आधीच्या पिढ्यांत होता. इथे पंपाच्या तोंडावरच एक बारीक जाळी असते. प्लेटा घासून निघालेली काळी पूड तेलात फिरते आणि त्या जाळीवर बसते. जाळी तुंबली की पंपाला तेल मिळत नाही, तो जास्त करंट खेचत राहतो आणि एक दिवस जळतो. युरोपात साधारण दर तीन वर्षांनी हे तेल बदलतात. पण नुसता ड्रेन प्लग उघडून तेल सोडलं तर जाळी तशीच राहते. पंप बाहेर काढून ती धुवावी लागते. पंप काढणं कठीण काम नाही. दोन बोल्ट आणि एक कनेक्टर, एवढंच. रॅम्प, जाणता हात आणि योग्य तेल असेल तर अर्ध्या दिवसात सगळं उरकतं.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. जाळी तुंबत असताना डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. या पिढीत तेलाचा दाब मोजणारा सेन्सर नाही. पंप किती करंट घेतोय यावरून गाडी दाबाचा अंदाज बांधते. त्यामुळे पंप पार बिघडेपर्यंत गाडी मुकाट्याने पुढच्या चाकांवर चालत राहते आणि कोरड्या रस्त्यावर चालवणाऱ्याला काही कळत नाही. म्हणजे काम झालं की नाही हे दिसत नाही, आणि न झाल्याचा परिणामही कित्येक महिने दिसत नाही. लबाडाला यापेक्षा सोयीची जागा गाडीत दुसरी नाही.

पावसाळ्याच्या आधी मी गाडी एका गॅरेजात दिली. नाव लिहीत नाही, प्रकरण तक्रारीत आहे. मोठी जागा, दोन रॅम्प, भिंतीवर जर्मन गाड्यांची पोस्टर, अंगात युनिफॉर्म. मालक स्वतः बोलले, ‘साहेब, फोर व्हील ड्राइव्हची फुल सर्व्हिस करून घ्या, घाटात पुन्हा बघायला नको.’ संध्याकाळी गाडी धुऊन पुसून उभी होती. काउंटरवर त्यांनी एक लिटरची काळ्या तेलाने काठोकाठ भरलेली बाटली ठेवली. म्हणाले, ‘बघा, हे तुमच्या हॅल्डेक्समधून निघालं. आणखी थोडे दिवस गेले असते तर युनिट गेलं होतं.’ बिल 38,400 रुपयांचं. त्यात हॅल्डेक्स ऑइल 3 लिटर, हॅल्डेक्स फिल्टर 1 नग, मागच्या डिफरन्शियलचं ऑइल, पुढच्या बेव्हल बॉक्सचं (पुढून मागे ताकद वळवणाऱ्या गिअरच्या पेटीचं) ऑइल आणि मजुरी.

त्या बिलात आणि बाटलीत तीन खोट्या गोष्टी होत्या. क्लचच्या त्या कप्प्यातून सर्व्हिसला एक लिटरसुद्धा तेल निघत नाही, मग बाटली काठोकाठ कशी भरली? जिथे लिटरभरही मावत नाही तिथे तीन लिटर ओतलं कुठे? आणि ज्या पिढीत फिल्टरच नाही तिच्यात एक नग फिल्टर बसला कसा? बाटलीतलं तेल कुठल्या तरी गाडीचं इंजिन ऑइल असणार, काळंभोर. फिल्टर हा शब्द कुठल्याही सर्व्हिस बिलावर असतोच, म्हणून तो डोळ्याला खटकत नाही. हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

जुलैत यवतेश्वरच्या घाटात गाडीने स्वतःच सांगितलं. वरून लाल माती वाहून आलेल्या ओल्या चढावर एका ट्रॅव्हलरसाठी थांबलो आणि पुन्हा निघताना पुढची चाकं जागच्या जागी फिरली. मागून काही नाही. स्टिअरिंग हाताला ओढ देतंय, नाक दरीच्या कठड्याकडे सरकतंय. शेजारी बायको होती. गाडी सांभाळून कडेला घेतली आणि पुढे कासला जायचं सोडून आम्ही परत फिरलो. ही गाडी याच चढावर आदल्या पावसाळ्यात चारही चाकांनी पकडून गेलेली होती. त्या घाटात, त्या पावसात, त्या वळणावर काय होऊ शकलं असतं, याचा विचार केला की मला त्या बिलातल्या पैशांपेक्षा याचाच राग जास्त येतो. पैसे परत मिळवता येतात.

गाडी गॅरेजात परत नेली. त्यांनी लॅपटॉप लावला, पाच मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि सांगितलं, ‘क्लच पॅक जळालाय. पूर्ण युनिट बदलावं लागेल.’ इस्टिमेट 3 लाख 60 हजार, निम्मे आधी. मी म्हटलं, आत्ताच सर्व्हिस केली होती ना? त्यावर मालक, ‘साहेब, सर्व्हिस केली म्हणून इतके दिवस तरी चालली.’

कोरेगावच्या मामांचं आयुष्य ट्रक-ट्रॅक्टरच्या हौजिंगमध्ये गेलंय. टीटी त्यांनी कधी उघडलेली नाही, पण त्यांनी फोनवर एकच विचारलं, ‘लॅपटॉपवर जळलेली प्लेट दिसती व्हय? उघडून दाखवली का त्यांनी?’ नव्हती दाखवली. मामा म्हणाले, ‘मग पैशाला हात लावू नगंस. गाडी उचल तिथनं.’

कोल्हापुरात ऑडी-फोक्सवॅगन गटातल्या गाड्यांचं काम करणारा एक मिस्त्री मिळाला. त्याने गाडी रॅम्पवर घेतली आणि मला खाली बोलावलं. पाना लावायच्या आधी बॅटरी मारून दाखवलं. ‘हितं बघा साहेब. ह्यो ड्रेन प्लग, ह्ये पंपाचं बोल्ट. माती वाळून दगड झालीया ह्यांच्यावर. पाना लागला असता तर कडा चमकली असती. ह्ये कुणी सोडलंच न्हाईत वं.’ मी फोटो काढले. मागच्या डिफरन्शियलच्या प्लगचीही तीच गत. पुढच्या बेव्हल बॉक्सच्या प्लगवर वर्षानुवर्षांचा तेलकट थर अखंड होता. मजुरी सोडून चार ओळींचं बिल, आणि एकाही प्लगला हात नाही.

मग त्याने पंप काढला. जाळी दिसतच नव्हती. न धुतलेल्या चहाच्या गाळणीत भुकटी घट्ट बसावी तसा काळा थर तिच्यावर चिकटला होता. बोटाने खरवडला तेव्हा खाली जाळी लागली. पंपाला थेट बॅटरीचा करंट दिला तर तो गुरगुरला आणि थांबला. त्याचं म्हणणं होतं की जाळी वेळेवर धुतली असती तर हा पंप अजून चालला असता. प्लेटा गेल्यात का, हे नवा पंप बसवल्याशिवाय सांगणार नाही, असंही त्याने आधीच सांगितलं. मला हा माणूस तिथेच पटला. नवा पंप आला, कप्पा धुतला, त्या क्लचसाठीचंच तेल भरलं. स्कॅनरमध्ये ऑल व्हील ड्राइव्हचं मॉड्यूल 22 नंबरवर असतं. त्यात जाऊन त्याने पंप चालवून दाखवला, गाडीखाली कान लावून आवाज ऐकायला लावला. मग खडीच्या रस्त्यावर गाडी नेली. मागच्या चाकांनी खडी उडवली. प्लेटा शाबूत होत्या. सगळे मिळून 48,000 रुपये. युनिट बदलायचं कारणच नव्हतं.

सातारच्या मालकांपुढे फोटो ठेवले तर आधी म्हणाले, पोराकडून राहिलं असेल. मग म्हणाले, तुमचे टायर वेगवेगळे आहेत म्हणून पंपावर ताण आला. टायरचा मुद्दा खरा असतो, म्हणूनच तो सबब म्हणून चालतो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले असले पाहिजेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांचा वेग सतत जुळत नाही आणि क्लचला उगाच काम पडतं. पण माझे चारही टायर एकत्र घेतलेले होते. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. चारही टायरांवरचा तो कोड एकच, आणि नक्षीची खोली गेजने मोजली तर फरक एक मिलिमीटरच्या आत. हे दाखवल्यावर त्यांनी बोलणं बंद केलं.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी टायरचा हा कोड पहिल्या भेटीतच वाचावा. दोन टायर नवे आणि दोन जुने दिसले तर आधीच्या मालकाने मागच्या यंत्रणेकडेही असंच पाहिलं असणार, असं मी धरून चालेन. सर्व्हिस बुकात हॅल्डेक्स ऑइलची नोंद असली तरी ती नोंद नुसत्या तेलाची आहे की जाळी धुतल्याची, हे विचारावं. आणि शक्य असेल तर चालवून बघताना एखाद्या मातीच्या किंवा खडीच्या चढावर थांबून निघावं. मोकळ्या हायवेवर खंबाटकीपर्यंत जाऊन आलात तर इंजिन कळेल, बाकी काही नाही.

काम टाकताना समोर उभं राहण्याचा आग्रह धरा. ‘इन्शुरन्समुळे ग्राहकाला आत सोडत नाही’ असं सांगितलं तर व्हिडिओ मागा, ज्यात गाडीचा नंबर आणि बाहेर काढलेला पंप एकाच चित्रणात दिसतील. काढलेलं तेल आणि प्लगचे जुने वॉशर गाडीत ठेवायला सांगा. बिलावर तेलाचं नाव आणि प्रमाण लिहून घ्या, आणि ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. क्लचला साधं गिअर ऑइल चालत नाही. प्लेटांची पकड तेलातल्या घटकांवर ठरते, म्हणून ‘सेम क्वालिटीचं लोकल’ हा पर्याय मान्य करू नका. सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर 60,000 किलोमीटरला बदलायचं असतं. ते पूर्ण वेगळं काम आहे, आणि काही ठिकाणी ते केल्यावर हॅल्डेक्सही केल्याचं सांगतात.

फसलात तर वाद घालत बसू नका, आधी पुरावा गोठवा. दुसऱ्या मिस्त्रीकडे उघडण्यापूर्वीचे फोटो आणि त्याचा सही-शिक्क्याचा लेखी अहवाल या दोन गोष्टींशिवाय पुढचं काही उभं राहत नाही. मी दोन्ही घेतले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील सक्तीचा नाही. मी बिलाची रक्कम आणि पंपाचा खर्च मागितला आहे, आणि फिल्टरची ती ओळ तक्रारीत वेगळी लिहिली आहे.

पाचव्या पिढीची हॅल्डेक्स असलेली गाडी कुठेही देण्याआधी फोन करून विचारा, ‘हॅल्डेक्सचा फिल्टर बदलायला किती घ्याल?’ जो आकडा सांगेल, त्याच्याकडे गाडी नेऊ नका. जो म्हणेल ‘तुमच्यात फिल्टर नसतो, जाळी धुवावी लागेल’, त्याला पुढचा प्रश्न विचारा, की पंप काढताना मी समोर उभा राहिलो तर चालेल का.