लकडगंजच्या मिस्त्रींनी केलेली कीटकपेटी : नव्या पतंगाचा होलोटाइप (मूळ नमुना) कोलकात्याला सुखरूप पोचला

लकडगंजमध्ये आरामशीनच्या मागच्या गल्लीत हे वर्कशॉप आहे. दिवाण, कपाटं, देव्हारे ही त्यांची रोजची कामं. मी त्यांच्याकडून दोन कीटकपेट्या, म्हणजे टाचणीला टोचलेले वाळके कीटक ठेवायच्या पेट्या, करून घेतल्या: एक घरच्या संग्रहासाठी आणि एक लहान, प्रवासाची. नागपुरात कीटकपेटी कुठे मिळते हा प्रश्न प्राणिशास्त्राची मुलं मला नेहमी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा एक जुना विद्यार्थी पोर्ट ब्लेअरला असतो. रीतसर परवानगी घेऊन एका दूरच्या बेटावर तो पतंगांचा अभ्यास करतो. तिथे त्याला मिळालेला एक पतंग ओळखीच्या कुठल्याच जातीत बसेना. पंख पसरूनही करंगळीच्या नखावर मावेल एवढाच, राखाडी, वरवर अगदी साधा. अशा पतंगांच्या जवळच्या जाती पंखांवरून वेगळ्या काढता येत नाहीत, जननेंद्रियं पाहावी लागतात. ते काम माझ्या हातातलं, म्हणून नमुने नागपूरला आले. पोटाचा भाग हलकेच सोडवायचा, कॉस्टिक पोटॅशच्या 10 टक्के द्रावणात गरम करायचा, मऊ झालं की मायक्रोस्कोपखाली ब्रशनं खवले झाडायचे आणि आतली कठीण चौकट मोकळी करायची. याच्या नराच्या पकडीच्या, म्हणजे मीलनात मादीला धरायच्या अवयवाच्या, टोकाशी एक वाकडा आकडा आहे. तसा आकडा त्याच्या भाऊबंदांपैकी कुणाला नाही. डीएनएच्या बारकोडनंही, म्हणजे जात ओळखायला वापरतात त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यानंही, तेच सांगितलं. जातीचं आणि बेटाचं नाव संशोधनाचा पेपर छापून येईपर्यंत लिहीत नाही. वर्णनाशिवाय नाव बाहेर पडलं तर प्राणिनामांच्या नियमांत ते ग्राह्य धरत नाहीत आणि पुढच्यांना उगाच गोंधळ निस्तरावा लागतो.

ज्या एका नमुन्यावर नव्या जातीचं नाव टांगलेलं असतं तो होलोटाइप. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे नवी जात सापडली की ती कळवावी लागते आणि नमुना ठरवून दिलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ती संस्था म्हणजे कोलकात्याचं झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, 1916 पासूनचं. पेपरात तिथला नोंदणी क्रमांक द्यायचा होता, तेव्हा होलोटाइपचं लाल लेबल लावलेला तो पतंग कोलकात्याला न्यायचा होता, तोही हावडा मेलनं.

आधी एका पुरवठादाराकडून तयार पेटी मागवली होती. मेमध्ये पारा 45 च्या वर गेला आणि झाकण वाकलं, कोपऱ्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली. संग्रह करणाऱ्याला फट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. अँथ्रेनस या वाळके कीटक खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या केसाळ अळ्या तेवढ्यातून आत शिरतात आणि टाचणीखाली नुसता भुसा शिल्लक ठेवतात. शिवाय त्या पेटीच्या तळाला थर्माकोल होता. डांबरगोळीच्या वाफेनं थर्माकोल विरघळतो, टाचण्या लडबडतात. कीटकपेटी विकणाऱ्याला एवढं ठाऊक असायलाच हवं.

मिस्त्रींकडे मी कॉलेजातली जुनी पेटी नमुना म्हणून घेऊन गेले. त्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली, कानाशी धरून पुन्हा मिटली. मग म्हणाले, "म्हणजे किडा ठेवाची पेटी, अन् किडा आत नाही गेला पाह्यजे. बरोबर?" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

लाकूड आलापल्लीकडचं सागवान, जुन्या दाराच्या चौकटीतून काढलेलं. नवं लाकूड आपल्याकडच्या उन्हाळ्यात आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं, म्हणून त्यांनी स्वतःच जुन्याचा आग्रह धरला. कोपरे डोव्हटेल जोडाचे, म्हणजे लाकडाचे दाते एकमेकांत अडकवलेले, खिळा एकही नाही. खरी कारागिरी झाकणात आहे. पेटीच्या काठावर आतून एक पातळ पट्टी उभी केलीय आणि झाकणाच्या आत तिच्या मापाची खाच. झाकण बसवताना शेवटच्या क्षणी हवा दाबून बाहेर पडते, तो 'फुस्स' आवाज ऐकला की समजावं फट नाही. मी चारही बाजूंना पोस्टकार्ड सरकवून पाहिलं, गेलं नाही. मोठी पेटी पूर्ण एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहून झालीय, झाकण अजून तसंच बसतं.

काम चालू असताना त्यांनी विचारलं, "हे पाखरू उडून दुसऱ्या बेटावर नाही जात का मॅडम?" मी त्यांना हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडच्या मॅरियन बेटावरच्या प्रिंगलिओफागाबद्दल सांगितलं. त्या पतंगाचे पंख इतके आखूड झालेत की त्याला उडताच येत नाही. त्याच्या अळ्या पडलेला पालापाचोळा खाऊन त्याची माती करतात, त्या थंड बेटावर हे मोठं काम आहे. सील मारणाऱ्यांच्या जहाजांतून तिथे उंदीर पोचले आणि या अळ्या त्यांचं खाद्य झाल्या. पळून जायला जागाच नाही. आमचा पतंग उडतो, पण समुद्र ओलांडण्याइतकं बळ त्याच्यात कुठून येणार.

फिजीच्या लेव्हुआनाचंही सांगितलं. व्हिटी लेव्हू बेटावरचा निळा चमकदार पतंग, 1906 मध्ये त्याचं वर्णन झालं. अळ्या नारळाची पानं फस्त करत, म्हणून 1925 मध्ये मलायातून एक परजीवी माशी आणून सोडली. नारळ वाचले. पतंगाची मात्र 1950 च्या दशकानंतर खात्रीची नोंद नाही. तो आज पाहायचा तर संग्रहालयातल्या पेटीतच. मिस्त्रींनी रंधा खाली ठेवून हे सगळं ऐकलं, आणि प्रवासाच्या पेटीला एका कडीऐवजी दोन कड्या लावल्या. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

प्रवासाच्या पेटीची रचना आम्ही दोघांनी मिळून ठरवली: आत लहान पेटी, बाहेर मोठी, दोन्हींच्या मध्ये चहूबाजूंनी फोम. पतंगाचं उरलेलं अंग आणि पंख हिसक्यानं टाचणीभोवती फिरतात, म्हणून दोन्ही बाजूंना आधाराच्या टाचण्या टोचल्या. जननेंद्रियाची ग्लिसरिनची इवलीशी कुपी त्याच टाचणीवर, पतंगाच्या खाली. रात्रभर पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. कोलकात्यात भिंगाखाली उघडली तेव्हा एकही मिशी तुटलेली नव्हती, मागच्या पंखांची झालरसुद्धा शाबूत होती. तिथल्या क्युरेटरबाईंनी पतंग पाहिल्यावर पेटी हातात घेतली आणि विचारलं, कुणी केली.

आता तक्रारी. सांगितलेल्या तारखेला काम मिळत नाही. फोन केला की "उद्या या मॅडम", आणि तो उद्या लांबत जातो. पेपरचं वेळापत्रक डोक्यावर असताना मला याचा फार मनस्ताप झाला. दुसरं म्हणजे, न विचारता त्यांनी आतूनही पॉलिश मारलं होतं. त्याचा उग्र वास महिनाभर जाईना, तोवर पेटीत नमुना ठेवायची माझी हिंमत झाली नाही. आतून लाकूड कोरंच ठेवा, असं आधीच कागदावर लिहून द्या. मोठ्या पेटीचे 3500 आणि लहानीचे 1800 रुपये घेतले. तयार पेटीपेक्षा हे महाग आहे, पण मला ते वाजवी वाटतात. पक्कं बिल मागितलं तर देतात, मागावं मात्र लागतं.

तळाचा फोम त्यांच्याकडे मिळत नाही, तो आपणच न्यायचा. दाट ईव्हीए शीट न्या, टाचणी घट्ट धरते. डांबरगोळीसाठी कोपऱ्यात जाळीचा कप्पा सांगितला तर करून देतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत फर्निचरच्या पॉलिशची गर्दी असते, तेव्हा जाऊ नका. पोळ्याच्या आधी ऑर्डर दिलीत तर मिस्त्री निवांत बसून बोलतात. जमलं तर एखादी जुनी पेटी सोबत न्या, चित्रापेक्षा वस्तू हातात घेऊन त्यांना लवकर कळतं.