कोकमाच्या बाटलीवर 'ज्यूस' लिहू की 'सिरप'?

रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, सिझन आला की कुडाळ-वेंगुर्ल्याकडे घरोघरी आणि बचत गटांत अमृत कोकम बनतं, आणि लेबल छापायच्या वेळी तोच घोळ होतो, इंग्रजीत ज्यूस लिहायचं की सिरप? माझं मत स्पष्ट आहे, सिरप लिहा.

ज्यूस म्हणजे फळाचा रस, वाचणारा तो ग्लासात ओतून तसाच पिणार. सिरप म्हणजे साखरेचं दाट पाकासारखं, पाणी घालूनच घ्यायचं. आता अमृत कोकम कसं होतं बघा, रातांबे फोडून बिया काढायच्या, बरणीत एक थर सालींचा, एक थर साखरेचा असं भरत जायचं, वरचेवर ढवळायचं, साखर सालींतला रस ओढून घेते आणि हळूहळू विरघळते, मग गाळलं की तो गडद लाल दाट द्रव. हे सिरपच झालं ना! मुंबईचा पाहुणा 'ज्यूस' वाचून तसंच तोंडाला लावतो, गोडाने वैतागतो आणि परत घेत नाही, नुकसान आपलंच. म्हणून एक भाग सिरप, चार-पाच भाग पाणी, चिमूटभर मीठ नि जिरेपूड, हेपण लेबलवर ठळक हवं.

एफएसएसएआय, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम ठरवणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या मानकांतपण फ्रूट सिरप आणि फ्रूट शरबत एकाच ओळीत आहेत, फळाचा रस किमान २५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के. एवढ्या साखरेमुळेच तर ते टिकतं. ज्यूसची व्याख्या वेगळी, ते थेट पिण्यासाठीचं. (सिरप आणि सरबत दोन्ही शब्द मूळ एकाच अरबी धातूतले, त्यामुळे सिरप परकं वाटायचं कारण नाही.)

ज्यूस म्हटलं की हेल्दी वाटतं, भाव बरा येतो, हे खरंय. आणि ज्यूस सेंटरवर साखर-बर्फ घातलेल्यालापण आपण ज्यूसच म्हणतो, बोलण्यात चालतं. पण लेबलवर लोक आता बारकाईने वाचतात, २०२४ मध्ये तर आटवलेल्या रसात पाणी घालून पुन्हा बनवलेल्या रसावरचा '१०० टक्के फ्रूट ज्यूस' हा दावा काढायला एफएसएसएआयने कंपन्यांना सांगितलं.

पाणी घालूनच बाटलीत भरत असाल तर 'रेडी टू सर्व्ह' लिहा.

आगळाला, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाला, मात्र दोन्ही शब्द नकोत. त्यात साखर नाही, मीठ आहे, तेही भरपूर, ज्यूस समजून कोणी ग्लासभर प्यायला तर काय होईल? तिथे मोठ्या अक्षरात 'कोकम आगळ', खाली 'खारट, सोलकढीसाठी' आणि तेच इंग्रजीतपण.